खांदेकऱ्यांची वाट

ग्लेन डॅरी, स्कॉटलंड
१२ सप्टेंबर १९७०

प्रिय डुगल,

नाताळच्या आधीच माझं पत्र बघून दचकू नकोस. आपल्यातलं कुणी गेलेलं नाही. पण काम तसंच महत्त्वाचं आहे, म्हणून बस आणि नीट वाच.

वरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाई वसंतात वारल्या. त्यांच्या पुतण्यानं अख्खा ड्रमफ्राख डोंगर एका लाकूड कंपनीला विकून टाकला. आता डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत नांगरून स्प्रूसची झाडं लावणार आहेत. लावू देत बापडे, डोंगर त्यांचा आहे. पण गेल्या सोमवारी ओढ्यापलीकडे तारेचं कुंपण घालून त्यांनी फाटकाला कुलूप ठोकलं. खांदेकऱ्यांची वाट बंद! तिथल्या मुकादमाला मी म्हटलं, "अहो, ही वाट सगळ्यांची आहे." तो म्हणतो, "कागद दाखवा, बाई." कागद! आपल्या खोऱ्यात चर्च नव्हतं म्हणून तीनशे वर्षं लोकांनी आपली माणसं खांद्यावरून डोंगरापलीकडे किल्लोखच्या दफनभूमीत नेली. ती काय कागद खिशात घालून निघाली होती?

मी तालुक्याच्या गावी जाऊन पिरी नावाचा वकील गाठला. वयानं कोवळा आहे, पण हुशार. तो म्हणतो, लोक चाळीस वर्षं सलग, कुणाची परवानगी न घेता त्या वाटेनं गेले असं सिद्ध झालं, तर कोर्ट वाट उघडायला लावेल. पण एका माणसाची साक्ष पुरत नाही. तेवढं जुनं आठवणारे दोघं तरी हवेत. इथे उरलोय मी आणि म्हातारा रॅट्रे. तो अठ्ठ्याऐंशीचा आहे आणि त्याला खोकला झालाय. तेव्हा तूही तिथल्या न्यायाधीशासमोर शपथेवर लिहून पाठव. आधी मला साध्या पत्रात कळव, वाट कुठून कशी जायची, कोण कोण जायचं.

डोंगरावरच्या हेदरच्या झुडपांचा बहर आता उतरणीला लागलाय, जांभळ्याचा तपकिरी व्हायला लागलाय. पण काल दुपारी ऊन पडलं तर मधाचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत आला. तुला तिकडे असा वास येतो का रे कधी?

तुझी,
एफी


ओटागो, न्यूझीलंड
३० सप्टेंबर १९७०

प्रिय एफी,

नाही येत. इथे डोंगर आहेत, तुझ्या ड्रमफ्राखच्या तिप्पट उंच, पण त्यांच्यावर नुसतं पिवळं गवत. चाळीस वर्षं मी त्यांच्यावर मेंढ्या राखल्या. चांगले आहेत. पण डोळे मिटले की ते दिसत नाहीत.

घे, वाट सांगतो. शाळेच्या मागून निघायची. ओढा ओलांडायचा तिथे सपाट पाच दगड, चौथा हलायचा. मग बर्चची झाडं संपली की हेदर सुरू. पहिली अर्धी चढण गुडघ्याएवढ्या हेदरमधून, आणि जाळपट्ट्यांमधून. ओल्या मार्चमध्ये जुनं हेदर जाळायचे ना, त्यामुळे डोंगर ठिगळांच्या गोधडीसारखा दिसायचा, काळं ठिगळ, हिरवं ठिगळ, जांभळं ठिगळ. पायाखालून ग्राउस पक्षी फडफडत उठायचा आणि "मागं फीर, मागं फीर, मागं फीर" असं ओरडत सुटायचा. तू त्याला उलट ओरडायचीस, "तूच फीर!"

पहिला विसाव्याचा दगड ब्लेबेरीच्या उतारावर. दुसरा पीटच्या चरांपाशी, जिथे बाबा सरपणासाठी ती काळी दलदलीची माती विटांसारखी कापायचे. तिथून चिखल टाळायला डाव्या हाताला राहायचं, पांढऱ्या बोंडाचं गवत दिसलं की पाय टाकायचा नाही. तिसरा दगड माथ्यावर, दगडांच्या राशीला लागून. तिथे वारा कधी थांबला नाही. पलीकडे उतरताना सोनटिटवी शीळ घालायची, एकच सूर, एखाद्यानं हाक मारून पुढचं बोलणं विसरावं तशी. मग मेंढ्यांचा गोठा, लाकडी पूल, किल्लोखचं चर्च आणि मागे स्टेशन.

बाबांना नेलं ते १९२५ चा फेब्रुवारी. आठ खांदेकरी, चौघं चौघं आळीपाळीनं. मी तिसऱ्या विसाव्यापासून खांदा दिला. मी अठराचा होतो, बाकीच्यांपेक्षा बुटका, म्हणून रॅट्रेनं माझ्या खांद्यावर घडी घातलेला कोट ठेवला. बाबा कलंडू नयेत म्हणून. हे सगळं लिहून देतो.

शेवटचं कधी गेलो ते मात्र नक्की आठवत नाही.

तुझा,
डुगल


ग्लेन डॅरी
८ नोव्हेंबर १९७०

प्रिय डुगल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा रॅट्रेला वाचून दाखवलं. कोटाचं ऐकून तो हसला, म्हणाला, "तो कोट परत मिळाला नाही मला." तेच त्याचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. मंगळवारी गेला. आता डोंगरावरून कुणी नेत नाही रे, मोटार येते, तेवीस मैल वळसा घालून नेतात. त्याच्या मुलाला मी म्हटलं, फाटक तोडू आणि खांद्यावरून नेऊ. त्याला पटलंही होतं, पण खांदेकरी आठ जमेनात. खोऱ्यात आता धड खांदे असलेली पाचच माणसं उरलीत.

म्हणजे आता साक्षीदार दोनच, तू आणि मी.

गेल्या आठवड्यात पिरी वकिलाला वाट दाखवायला नेलं. शहरी बूट घालून आला. फाटकावरून चढताना त्याची पँट उसवली. मी म्हटलं, "वकीलसाहेब, डाव्या हाताला राहा." तो म्हणाला, "नकाशात उजवीकडे दाखवलीय." "नकाशा बुडत नाही, माणूस बुडतो," असं मी म्हणेपर्यंत गडी मांडीपर्यंत चिखलात! ओढून काढला तर एक बूट आतच. माथ्यापर्यंत एक बूट आणि माझा लोकरी मोजा घालून आला, पण आला हो. वरती एक पांढरा ससा बसला होता. अजून बर्फाचा पत्ता नाही आणि हा आधीच हिवाळ्याचा कोट चढवून तयार, अख्ख्या तपकिरी डोंगरावर दिव्यासारखा उजळलेला. पिरी त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मिस गेडिस, मला वाटलं होतं आपण फक्त एका वाटेसाठी भांडतोय."

आता कामाचं. समोरचा वकील प्रत्येक साक्षीदाराला तीन गोष्टी विचारणार: शेवटचं कधी गेलात, कुणाबरोबर, कशासाठी. पिरी म्हणतो, तुझ्या जबानीत हे हवंच, नाहीतर ते म्हणतील म्हाताऱ्याला काही आठवत नाही. आणि डुगल, खरं सांग, विसरायला व्हायला लागलंय का तुला? पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा कोट आठवतो आणि शेवटची खेप आठवत नाही, हे मला बरं लक्षण वाटत नाही. मार्गारेट मावशीचंही असंच सुरू झालं होतं. मुलीला सांगून डॉक्टरला दाखव.

काळजीत,
एफी


ओटागो
२ जानेवारी १९७१

प्रिय एफी,

विसरलो नाही. एक दिवसही विसरलो नाही.

हे पत्र मी नोव्हेंबरपासून लिहून फाडतोय. शपथेवर खोटं बोलणार नाही, आणि तुला न सांगता कोर्टाला खरं सांगणं बरं नाही. म्हणून आधी तुला.

शेवटचं गेलो ते १९३० च्या ऑक्टोबरचा दुसरा रविवार. बरोबर इनिस कॅटो होता.

तो तुझं उत्तर घ्यायला येणार होता, हे मला माहीत होतं. दगडी कुंपणं बांधायचं त्याचं आपल्याकडचं काम संपलं होतं, कॅनडाचं ठरलं होतं, तुला लग्न करून नेणार होता. तू त्या दिवशी मार्गारेट मावशीकडे गेली होतीस. आई अंथरुणाला खिळलेली. माझ्या हातात न्यूझीलंडचं पत्र, फेब्रुवारीचं जहाज. आपल्यापैकी एकच जण जाऊ शकत होता.

तो ओढ्यापाशी भेटला. हातात टोपी, दाढी केलेली. मी त्याला म्हणालो, "एफी येत नाही. तिनं मला सांगायला सांगितलंय. घरी जाऊ नकोस, उगाच रडेल." त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "तिनं स्वतः का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "तुझं तोंड बघून सांगवत नाही म्हणाली." बघ, किती बेमालूम जमलं मला.

तो म्हणाला, मग वळशानं कशाला जाऊ, डोंगरावरूनच स्टेशन गाठतो. मी बरोबर निघालो. का, ते अजून कळत नाही. बहुधा तो खरंच जातोय ना ते बघायला. नऊ मैल आम्ही चाललो. धुकं होतं, हरणांचे नर पलीकडच्या कड्यावर हंबरत होते. दुसऱ्या विसाव्याला त्यानं खिशातली ओटची भाकरी काढून अर्धी मला दिली, आणि मी ती खाल्ली. गाडी आल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तिला जप."

आणि मी चार महिन्यांनी जहाजात बसलो. आईला तू चौदा वर्षं सांभाळलंस. लग्न केलं नाहीस. मी दर नाताळला तुला मेंढ्यांबद्दल लिहिलं, कारण दुसरं काहीही लिहायला गेलो की हेच पेनाच्या टोकाशी यायचं. तुझं आयुष्य मी त्या स्टेशनवर सोडून आलो, एफी. क्षमा कर असं म्हणायलाही तोंड नाही मला. तू लिहू नकोस म्हणालीस तर लिहिणार नाही. जबानी मात्र देईन.

डुगल


ओटागो
१६ फेब्रुवारी १९७१

प्रिय एफी,

इथलं पोस्ट तुमच्याकडची पत्रं घेत नाही. ब्रिटनमधल्या टपालवाल्यांचा संप आहे म्हणतात. मुलगी मार्जरी रोज वर्तमानपत्र दाखवते, "बाबा, बघा, संप आहे, आत्याचं पत्र म्हणूनच येत नाही." मी मान हलवतो. पण मी तुला ओळखतो. तुला लिहायचं असतं तर तू संपातूनही वाट काढली असतीस. हे पत्र खणात ठेवतोय. संप मिटला की टाकीन.

डुगल


ग्लेन डॅरी
२१ जानेवारी १९७१

(वरच्या कोपऱ्यात हे आज, ९ मार्चला लिहितेय: काल संप मिटला. तुझं पत्र संपाच्या आठ दिवस आधी मिळालं होतं. माझं उत्तर सात आठवडे कपाटावर पडून होतं. तू काय काय कल्पना करून घेतली असशील ते मला दिसतंय. पुढचं वाच.)

डुग्या मूर्खा,

एवढं एकट्यानं उरावर घेऊन बसलास? चाळीस वर्षं?

इनिस परत आला होता. पुढच्याच मे महिन्यात, १९३१ साली. तुझं जहाज तेव्हा न्यूझीलंडला लागलंही असेल. तो कॅनडाला गेलाच नव्हता, ग्लासगोच्या गोदीत काम करत होता आणि हे उत्तर त्याला पचत नव्हतं. डोंगरावरून आला आणि मला पीटच्या चरांत गाठलं. माझे हात कोपरापर्यंत काळे. म्हणाला, "तुझ्या भावानं सांगितलेलं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय." अशा रीतीनं तू काय केलंस ते मला कळलं. तुझ्यावर मी इतकी संतापले की त्या दिवशी तू समोर असतास तर फावड्यानं हाणला असता.

मग तो म्हणाला, "आता तरी चल." आणि जाता आलं असतं, डुगल. हे तू नीट समजून घे. मार्गारेट मावशी आईला आपल्याकडे न्यायला तयार होती, तिनं तसं आईला विचारलंही होतं. मी त्याच्याबरोबर माथ्यापर्यंत गेले. विचार करत. हवा स्वच्छ होती, दोन्ही खोरी दिसत होती. वाटेच्या कडेला कर्ल्यू पक्ष्याची चार पिल्लं, नुकती अंड्यातून निघालेली, हेदरच्या मुळांशी दडलेली, आणि त्यांची आई ती लांब वाकडी चोच उघडून आमच्या डोक्यावर आक्रोश करत घिरट्या घालत होती. मी इनिसला म्हटलं, "तूच इथे राहा. पडक्या कुंपणांना इथे तोटा नाही." तो हसला. चांगला माणूस होता, टोचून नाही हसला. पण त्यानं हात पसरून अख्खा डोंगर दाखवला आणि म्हणाला, "एफी, इथे आहे काय? वारा आणि झुडपं."

मी तो दाखवत होता तिकडे बघितलं. आणि मला कळलं की मी जाणार नाही. आईसाठी नाही. तुझ्यासाठी तर मुळीच नाही. मला जायचं नव्हतं, बस्स. मी नाही म्हटलं, माझ्या तोंडानं, त्याच्या डोळ्यांत बघून. रडलेही, महिनाभर रडले. पुढे त्यानं ओंटारिओत संसार थाटला, एकदा मुलांचा फोटो पाठवला. मला वाईट वाटलं, आणि मग संध्याकाळी डोंगरावर गेले.

तेव्हा माझं आयुष्य तू स्टेशनवर वगैरे सोडलेलं नाहीस. माझं आयुष्य मी स्वतः निवडलंय, त्याचं श्रेय तुला द्यायला मी तयार नाही. मला वाटत होतं तुला हे आईनं कळवलंय. आणि तू फक्त मेंढ्यांबद्दल लिहितोस ते माझा कंटाळा आल्यामुळे, असं मी समजत होते. केवढ्या मेंढ्या वाचल्या रे मी!

पण तुला सगळंच माफ आहे असंही समजू नकोस. ते "नाही" माझं होतं. ते तू माझ्या तोंडात घातलंस, मला न विचारता, तुझ्या सोयीसाठी. नंतर मीही तेच म्हटलं म्हणून तुझी चोरी खरेदी ठरत नाही. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा लिहिणार नाही.

जबानीत सगळं खरं लिही. इनिसचं नावही लिही. त्याची लाज वाटायचं मला काही कारण नाही.

तुझी,
एफी


ओटागो
२४ मार्च १९७१

प्रिय एफी,

तुझं पत्र घेऊन मी मागच्या टेकडीवर गेलो आणि दोनदा वाचलं. मार्जरी शोधत आली. तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, उलट.

चोरीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. ते मी वाद न घालता ठेवून घेतो.

काल शपथेवर अकरा पानं लिहून दिली. न्यायाधीश मधेच थांबून विचारत होता, "हा ग्राउस खरंच असं ओरडतो?" मी ओरडून दाखवलं.

डुगल


ग्लेन डॅरी
५ सप्टेंबर १९७१

प्रिय डुगल,

जिंकलो.

जूनमध्ये सुनावणी झाली, निकाल दोन आठवड्यांपूर्वी लागला. तार करणार होते, पण तारेत हे मावलं नसतं.

तुझी जबानी पिरीनं मोठ्यानं वाचली. अर्धा तास लागला. मी खाली बघून बसले होते. न्यायाधीश, म्हातारे गृहस्थ, तू जबानीत जसजसा वाट उतरत होतास तसतसे खुर्चीत पुढे पुढे सरकत होते. इनिसचं आलं तेव्हा माझे कान तापले, पण कुणी हसलं नाही. मग समोरचा वकील मला म्हणाला, "मिस गेडिस, तुम्ही या वाटेनं केवळ हौसेनं फिरायला जात होता, खरं ना?" मी म्हटलं, "मी जात होते, हौसेनंही जात होते. माझे वडील गेले ते हौसेनं नव्हे." तो म्हणाला, "जमीनमालकाच्या परवानगीनं?" मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला पलीकडे न्यायला आमच्या खोऱ्यात कधी कुणी कुणाची परवानगी मागितली नाही, आणि नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही." मग तो खालीच बसला.

निकाल असा: वाट सगळ्यांची. कुलूप काढायचं, दोन्ही बाजूंना जागा सोडायची. ती सोडली, दहा पावलं. त्यापलीकडे नांगर फिरलाय. खोटं कशाला सांगू, बघवत नाही. पहिल्या विसाव्यापर्यंतचं हेदर गेलं. काळे चर आणि त्यांत वीतभर स्प्रूस, रांगेनं. तिथे यंदा कर्ल्यू उतरला नाही. पंधरा वर्षांत तिथे अंधारा बोगदा होईल, पिरी म्हणतो. ती झाडं मोठी झालेली मी बघणार नाही, हेच बरं. पहिल्या विसाव्याच्या वर मात्र जमीन फार ओली, म्हणून सोडून दिलीय. वरचं सगळं आहे तसं आहे.

गेल्या रविवारी फाटक उघडलं तेव्हा एकोणीस माणसं चालली. रॅट्रेच्या मुलाची बायको तान्ह्याला पाठीशी बांधून आली होती. पिरी नवे बूट घालून. हेदर पुरतं फुललेलं, पँटींना, मोज्यांना, भाकरीच्या फडक्याला, सगळ्यांना जांभळी धूळ. माथ्यावर बसून सगळ्यांनी भाकरी वाटून खाल्ली. मला वाटलं, आत्ता तू हवा होतास. पहिल्यांदाच असं वाटलं, आधी चाळीस वर्षं मी तुझ्यावर थोडी चिडलेलीच होते.

एफी


ओटागो
२० मे १९७२

प्रिय एफी,

तिकीट काढलं. मार्जरीनं डॉक्टरला विचारलं, त्यानं हृदय तपासून तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाला नाही. सात ऑगस्टला लंडन, नऊला किल्लोख. स्टेशन बंद झालंय म्हणालीस, तेव्हा बसनं येईन.

किल्लोखहून मोटार पाठवू नकोस. मी वाटेनं येणार. एकटाच. तुला त्रास देणार नाही, तू घरी थांब, चहा ठेव. संध्याकाळी पाचपर्यंत आलो नाही तर कुणाला तरी वर पाठव.

डुगल


ग्लेन डॅरी
२ जून १९७२

प्रिय डुगल,

एकटा वगैरे काही नाही. हृदय तुझं, पण वाट माझीही आहे, कोर्टाचा तसा निकाल आहे.

मी आठ तारखेलाच सकाळी निघून डोंगर ओलांडते आणि किल्लोखच्या खानावळीत मुक्काम करते. दोन खोल्या सांगून ठेवल्यात. नऊला तू येशील, जेवशील, झोपशील. दहा तारखेला सकाळी सहाला निघू. नवे बूट आणू नकोस, पाय सोलतील. जुने, मळलेले आण. लोकरीचे मोजे मी विणलेत.

मला आता चढताना दर शंभर पावलांना थांबावं लागतं. तुला किती पावलांना थांबावं लागतं ते तिथे कळेल. ज्याला आधी दम लागेल त्यानं लाजायचं नाही, नुसतं "बघ, पक्षी" म्हणायचं आणि उभं राहायचं. दुसऱ्यानं पक्षी कुठाय असं विचारायचं नाही.

नऊ मैल आहेत. ऑगस्टात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. होईल आपलं.

एफी